शेळीच्या स्नायूतील सॅटेलाइट पेशी : कोलॅजिनेज घालूनही तुकडे विरघळत नाहीत

प्रश्न (संशोधक विद्यार्थिनी, बेळगाव)
नमस्कार. शेळीच्या मांडीच्या स्नायूतून सॅटेलाइट पेशी (स्नायूची दुरुस्ती करणाऱ्या मूळपेशी) वेगळ्या करण्याचा माझा प्रयत्न दोन महिने चालू आहे. पहाटे निपाणीकडच्या एका खाटिकांकडून तुकडा घेते, प्रतिजैविके घातलेल्या थंड द्रावणात बुडवून, बर्फावर ठेवून बेळगावला आणते आणि चरबी व वरचा पांढरा पडदा सोलून कात्रीने बारीक करते. त्यावर ०.२ टक्के कोलॅजिनेज (कोलॅजेनचे धागे तोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम) आणि ट्रिप्सिन-ईडीटीए (प्रथिने तोडणारे विकर व धातूंचे आयन धरून ठेवणारे रसायन) एकत्र घालून ३७ अंशांवर तासभर हलवत ठेवते. तरीही निम्मे तुकडे तसेच राहतात आणि पिपेट उचलली की भेंडी चिरताना सुटते तशी तार लोंबते. पाचव्या दिवशी प्लेटवर जवळजवळ सगळे फायब्रोब्लास्टच (संयोजी उतीच्या पेशी) दिसतात. कोलॅजिनेजची मात्रा वाढवावी का?

उत्तर (पेशीसंवर्धन प्रयोगशाळा, धारवाड)
मात्रा मुळीच वाढवू नका. कोलॅजिनेजला काम करायला कॅल्शियम लागते आणि ईडीटीए नेमके तेच धरून ठेवते, त्यामुळे आपण एका हाताने घातलेले विकर दुसऱ्या हाताने बंद पाडत आहात. ट्रिप्सिन-ईडीटीए काढून त्याजागी डिस्पेज हे प्रथिने तोडणारे सौम्य विकर घ्या आणि दोन्ही विकरे कॅल्शियम असलेल्या माध्यमातच विरघळवा. सॅटेलाइट पेशी स्नायुतंतूचे आवरण आणि त्याभोवतीचा आधारपटल यांच्या फटीत बसलेल्या असतात, हे शास्त्रज्ञ मॉरो यांनी १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. तो पटल सैल झाल्याखेरीज त्या सुटणार नाहीत.

ती तार म्हणजे फुटलेल्या पेशींचा डीएनए आहे. थोडे डीएनेज (डीएनए तोडणारे विकर) आणि त्याला लागणारे मॅग्नेशियम घाला, आणि कात्रीला धार आहे ना हेही पाहा, कारण बोथट कात्री उती कापण्याऐवजी चेंगरते. वेळ घड्याळावर ठरवू नका. दर पंधरा मिनिटांनी पिपेटने वरखाली करून एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा आणि सुट्या पेशी भरपूर दिसू लागल्या की थांबा. सीरममुळे (रक्तजलामुळे) ट्रिप्सिन थांबते, पण कोलॅजिनेजसाठी त्यावर विसंबता येत नाही, म्हणून भरपूर माध्यम घालून पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवा व धुवा. मग ७० आणि ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा.

फायब्रोब्लास्ट साध्या प्लेटला लवकर चिकटतात. गाळलेले द्रावण तासभर साध्या प्लेटवर ठेवून न चिकटलेल्या पेशी लॅमिनिन (आधारपटलातले एक प्रथिन) लावलेल्या प्लेटवर हलवल्यात, तर बराच फरक पडेल.

उत्तर (पशुवैद्यक, चिकोडी)
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. फक्त जनावराच्या वयाकडेही लक्ष द्यावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. वय वाढते तसे कोलॅजेनचे धागे एकमेकांशी घट्ट जोडले जातात आणि सॅटेलाइट पेशींचे प्रमाणही घटते. खाटिकांना नुसते ‘कोवळे द्या’ म्हणू नका, खालचा जबडा पाहून घ्या : पुढचे आठही दात दुधाचे असतील, तर करडू साधारण वर्षाच्या आतबाहेरचे समजावे.

प्रश्नकर्ती
आपणा दोघांची मी मनापासून आभारी आहे. परवा दुधाच्या दातांचे करडू पाहून तुकडा घेतला आणि ईडीटीए पूर्ण वगळले. पाऊण तासातच तुकडे सैल झाले व तार आली नाही. लॅमिनिनच्या प्लेटवर आज सकाळी लहान, गोल, चकाकणाऱ्या पेशी चिकटलेल्या दिसल्या. डेस्मिनचे (स्नायुपेशींची ओळख पटवणाऱ्या प्रथिनाचे) रंजन झाले की इथेच कळवते.