घोरण्यासाठी सीटी, अहवालात धमनीचा उल्लेख

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): बाबांचा श्वास झोपेत तासाला 30 हून अधिक वेळा अडतो. शस्त्रक्रियेपूर्वीच्या मानेच्या सीटी अहवालात अगदी शेवटी 'डाव्या कॅरोटिड धमनीत कॅल्शियमचे थर, उजव्या सायनसमध्ये रिटेन्शन सिस्ट' असे लिहिले आहे. काळजी करावी का?

उत्तर 1: रिटेन्शन सिस्ट म्हणजे सायनसच्या अस्तरात स्राव साठून झालेली पिशवी. ती बहुधा निरुपद्रवी असते, त्रास नसेल तर तिच्यामागे लागू नका. कॅरोटिड, म्हणजे मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीचे मात्र मनावर घ्या, कारण झोपेत श्वास अडण्याच्या या विकारात (स्लीप ॲप्निया) रक्तदाब आणि धमनीकाठिण्य बऱ्याचदा सोबत आढळतात. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून फिजिशियनला डॉप्लरबद्दल (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) विचारा.

उत्तर 2: सहमत. थर दिसले म्हणजे धमनी अरुंद झालीच असे नव्हे. ते डॉप्लरने कळते. मात्र एकाएकी तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर तडक रुग्णालय गाठा.