डबल प्ले: पिचरची करामत की मागच्या फळीची?

सिंकरप्रेमी
बेसबॉलमधला नेहमीचा प्रसंग: पहिल्या बेसवर रनर, एक आउट. अशा वेळी काही पिचर (चेंडू टाकणारे) हुकमी ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारा फटका, काढतात आणि डबल प्ले (एकाच फटक्यावर दोन आउट, बहुधा आधी दुसऱ्या, मग पहिल्या बेसवर) होऊन तीन आउट पुरे, इनिंग खलास. याला नशीब म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. झॅक ब्रिटन बघा. २०१६ मध्ये ओरिओल्स संघाकडून ६७ इनिंग, ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या नावे लागणाऱ्या धावा) ०.५४, आणि बॅटला लागलेल्या चेंडूंपैकी साधारण ८० टक्के जमिनीवर. सिंकर (बॅटजवळ येता येता खाली बुडणारा चेंडू) येणार हे अख्ख्या स्टेडियमला माहीत, तरी बॅट चेंडूच्या डोक्यावरच बसायची.

आकडेमोड
ग्राउंडर काढणं कौशल्य आहे, त्यावर वाद नाही. प्रश्न डबल प्लेचा आहे. नुसती संख्या मोजाल तर फसाल, कारण आधी पहिल्या बेसवर कोणीतरी लागतो. वॉक (चार वाईट चेंडू, की बॅटरला पहिला बेस फुकट) वाटत सुटणाऱ्या पिचरला संधी आपोआप जास्त. आधी स्वतःच पसारा घालायचा आणि आवरला म्हणून शाबासकी घ्यायची! बॅटरचंही तसंच. १९८४ मध्ये जिम राइस ३६ वेळा डबल प्लेत सापडला, तो विक्रम आहे. पण त्याच्या संघात बॉग्ज आणि इव्हान्स सतत बेसवर पोचत होते, ते कोण बघतो? तेव्हा दर संधीमागे किती ते काढा, त्यातून ग्राउंडरचा वाटा वजा करा, आणि उरलं काय ते दाखवा.

दुसरा_बेस
उरतो तो माझा बिल मॅझेरोस्की. पायरेट्स संघाचा सेकंड बेसमन (दुसऱ्या बेसजवळचा फील्डर), कारकिर्दीत १७०६ डबल प्ले. त्याच्यापुढे पिचर किती आले नि गेले. चेंडू ग्लोव्हमध्ये थांबतोय असं वाटायचंच नाही, आला तसा पहिल्या बेसकडे निघायचा. श्रेय पिचरला का द्यायचं?

सिंकरप्रेमी
अहो, मग पिचर मॅडक्सला १८ गोल्ड ग्लोव्ह (उत्तम फील्डिंगचे पुरस्कार) फुकट मिळाले का? पिचरही फील्डरच असतो. शिवाय रनरला बेसजवळ जखडून ठेवणं हेही त्याचंच काम. रनरने दोन पावलं कमी चोरली की दुसऱ्या बेसवरचा आउट सोपा.

आकडेमोड
हे पटण्यासारखं आहे, पण ही भर थोडी. आणि एक गोची लक्षात घ्या: चेंडू फारच मरतुकडा घरंगळला तर एकच आउट मिळतो. डबल प्लेला ग्राउंडर बऱ्यापैकी जोरात आणि नेमका फील्डरकडे जावा लागतो. तो नेमकेपणा पिचरच्या हातात असल्याचा पुरावा कुठंय?

सिंकरप्रेमी
पुरावा तुम्ही शोधत बसा. ४ ऑक्टोबर २०१६, टोरांटो विरुद्ध ओरिओल्स, वाइल्ड कार्ड सामना (हरला तो मोसमातून बाहेर). अकरावी इनिंग, २-२, एक आउट, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर टोरांटोचे रनर. डबल प्ले झाला असता तर इनिंग तिथेच संपली असती. ओरिओल्सचा मॅनेजर शोवॉल्टरने ब्रिटनला बुलपेनमध्येच (राखीव पिचरांच्या जागेत) बसवून ठेवलं. त्याच्याऐवजी हिमेनेझने टाकलेला चेंडू टोरांटोच्या एन्कार्नासिऑनने प्रेक्षकांत भिरकावला. ५-२.

दुसरा_बेस
त्याला मॅझेरोस्कीही काही करू शकला नसता, हे मात्र खरं.