कॅसिनो-थीम पार्टीत डीलरचं पार्ट-टाइम काम : कुणी करतं का?

सांगलीकर_सून (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. इथे ऑफिसच्या ख्रिसमस पार्ट्यांत, शाळांसाठी पैसे उभे करायच्या कार्यक्रमांत ब्लॅकजॅक (पत्ते) आणि रूलेट (आकड्यांचं फिरतं चाक) यांची टेबलं मांडतात आणि सगळं खोट्या पैशांवर खेळतात. तिथे डीलर म्हणून माणसं हवीत अशी जाहिरात पाहिली. खेळ तेच शिकवतात म्हणे. मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर आहे, ईएडी (काम करायचं परवाना-कार्ड) हातात आहे. लग्नाआधी सांगलीत एका सहकारी बँकेत कॅशला होते, त्यामुळे हात भरभर चालतो. पण पत्ते म्हणाल तर दिवाळीतली तीन पत्ती आणि मे महिन्यातलं मेंढीकोट, त्यापलीकडे काही नाही. जमेल का? पैसे काय मिळतात? टॅक्सचं कसं? आणि सध्या सासूबाई इकडे आल्या आहेत. रात्री अकराला सून पत्ते वाटून घरी येते, हे त्यांच्या गळी कसं उतरवू?

पिसापिशी

ताई, मी हे काम करतो. दिवसा आयटी, शनिवारी रात्री बो टाय.

आधी पैसे. तीन तासांच्या पार्टीला मला शंभर ते सव्वाशे डॉलर मिळतात. टिप ठेवू देतात की नाही हे ज्या त्या कंपनीवर. तास भर आधी पोचावं लागतं आणि टेबल उचलायलाही तुम्हीच असता का, ते फोनवरच विचारून घ्या. ब्लॅकजॅकचं टेबल दिसतं त्यापेक्षा बरंच जड असतं. नोव्हेंबर-डिसेंबरात मरणाचं काम, जानेवारीत शुकशुकाट, मग मे-जूनमध्ये हायस्कूलच्या प्रॉमनंतरच्या रात्री. ती मुलं पहाटे दोनला आपल्यापेक्षा टवटवीत असतात आणि हिशेबात पक्की.

टॅक्स: बहुतेक कंपन्या कंत्राटी म्हणून घेतात, म्हणजे पगारातून काही कापत नाहीत. वर्षाची निव्वळ कमाई ४०० डॉलर किंवा जास्त झाली की सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स लागतो, तो १५.३ टक्के, शिवाय नेहमीचा इन्कम टॅक्स. त्यामुळे हातात आलेलं सगळं आपलं समजू नका. तुमच्या ईएडीवर असं स्वतंत्र काम चालतं, फक्त कार्डाची मुदत बघत राहा.

आता खेळ. सुरुवात ब्लॅकजॅकने करा. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, वर गेली की डाव गेला; चित्राचं पान म्हणजे दहा. टेबलाला सात जण, पानं उघडीच वाटायची, पाहुण्यांनी हात लावायचा नाही. डीलरला डोकं लावायची मुभाच नसते: सोळापर्यंत घ्यायचं, सतराला थांबायचं. खरी मेहनत समोरच्यांचे एक्के मोजण्यात, कारण एक्का एकही होतो आणि अकराही. पहिल्या दोन पानांत एकवीस आले की दीडपट द्यायचे. तुम्हाला दिडकी पाठ असेल तर झालंच. पंचविसाच्या हिरव्या चिपेवर (चिप म्हणजे पैशांऐवजीची चकती) साडेसदतीस होतात. पार्टीत अर्धी चिप कुठून आणू? मी सरळ पन्नास सरकवतो. पाहुणा खूश, मालकाचं काही जात नाही, कारण त्या चिपांना किंमतच नाही. शेवटी चिपा मोजून सोडतीची तिकिटं देतात आणि कुणाला तरी एअर फ्रायर लागतो.

रूलेटला मात्र पाढे लागतात. एका आकड्यावर ३५ पट, दोन आकड्यांमधल्या रेघेवर १७ पट, चार आकडे मिळतात त्या कोपऱ्यावर ८ पट. समजा एकाने आकड्यावर तीन आणि रेघेवर दोन चिपा ठेवल्या: पस्तीस त्रिक एकशे पाच, सतरा दुणे चौतीस, एकूण एकशे एकोणचाळीस. इथले डीलर सतराचा पाढा महिनाभर घोकतात. माझा तो चौथीत छडी खाऊन पाठ झालेला, पहिल्यांदा कामाला आला. प्रत्येक खेळाडूला वेगळ्या रंगाच्या चिपा देतात, म्हणून कुणाचं काय हा घोळ होत नाही. क्रॅप्स, म्हणजे फाशांचा खेळ, शेवटी शिका, पण शिका. ते येणारे कमी, म्हणून बोलावणं आधी येतं.

पण एक सांगतो. पाढे, पिसणं, चिपा कापणं हे पंधरा दिवसांत येतं. तुम्हाला पैसे मिळतात ते यजमानपणाचे. टेबलाशी येणाऱ्या निम्म्या लोकांनी आयुष्यात ब्लॅकजॅक खेळलेला नसतो, आणि बॉससमोर आपण बावळट दिसू या भीतीने ते मागेच उभे राहतात. अशा माणसाला हाक मारून बसवायचं. बारावर त्याने अजून पान मागितलं आणि राजा आला, की त्याच्याआधी आपण हळहळायचं. खोटे पैसे असले की अकाउंट्समधली शांत बाई सगळ्या चिपा एका डावात पुढे ढकलते, आणि खरा पोकरबाज मात्र एकेक मोजत बसतो. मला बघायला मजा येते ती यात. हे ज्याला आवडत नाही, तो डीलर गणितात कितीही पक्का असला तरी त्याला दुसऱ्यांदा बोलावत नाहीत.

सासूबाईंचं म्हणाल, तर माझ्या आईने एवढंच विचारलं होतं: "जेवायला देतात का?" देतात, पण पाहुण्यांचं आटपल्यावर.

मांडवीकाठ (पणजी)

मी खऱ्या कॅसिनोत होतो, मांडवीतल्या बोटीवर. वरच्या दादांचं पन्नास वाचून हसू आलं. आमच्याकडे असे साडेबारा जास्त गेले तर पिट बॉसपुढे (टेबलांवर देखरेख करणाऱ्या साहेबापुढे) उभं राहावं लागे. टेबल सोडताना टाळी वाजवून दोन्ही तळवे कॅमेऱ्याला दाखवायचे, हातात काही नाही म्हणून. मला ती इतकी अंगवळणी पडली आहे की घरी पोळ्या लाटून झाल्या की टाळी वाजते. ताई, ही सवय तुम्हीही लावून घ्या. पार्टीत कॅमेरा नसतो, पण लोकांना ते भारी आवडतं, नाटक म्हणून.

नवखा_पुणे

पुण्यात कॉर्पोरेट इव्हेंटला असं काम मिळतं का? पोलिसांची भानगड?

मांडवीकाठ (पणजी)

मुंबई-पुण्यात इव्हेंटवाले असली टेबलं भाड्याने देतात, त्यांनाच विचारा. चिपांचे रोख पैसे होणार नाहीत याची खात्री करून मगच हो म्हणा. झाले की तो जुगार, आणि महाराष्ट्रात त्यासाठी १८८७ चा कायदा अजून आहे. कॅसिनोला परवानगी देणारा १९७६ चा कायदा कधी अमलात आलाच नाही, २०२३ मध्ये तो रद्दही केला.

लीड्सची_काकू

इंग्लंडात याला फन कॅसिनो म्हणतात. रूलेटच्या चाकावर एकच शून्य, अमेरिकेसारखी दोन नाहीत. विद्यार्थ्यांनो, नीट वाचा: इथल्या स्टुडंट व्हिसावर स्वतंत्र कंत्राटी काम चालत नाही, आणि क्रुपिए (डीलरला इथे हेच म्हणतात) बहुधा तसेच घेतात. "रोख देतो, कुणाला कळतंय" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

पिसापिशी

काकूंना दुजोरा. अमेरिकेत एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांनाही हे नाही, अगदी एका रात्रीपुरतंही.

सांगलीकर_सून

सगळ्यांचे आभार. दिडकी येते! शुक्रवारी शिकवणीला जाते आहे. सासूबाईंना पत्त्यांचा कॅट दिला तर त्यांनी माझ्यापेक्षा सफाईने पिसला आणि वर म्हणाल्या, "मला का नाही बोलावत?" कपडे काय लागतात?

पिसापिशी

काळी पँट, पांढरा शर्ट. बो टाय आणि वेस्ट बहुधा कंपनी देते. नखं स्वच्छ ठेवा, सगळ्यांची नजर हातांवर असते. बुटांवर मात्र पैसे खर्च करा, तीन तास बसायला मिळत नाही. आणि सासूबाईंचा व्हिजिटर व्हिसा असेल, त्यांना घरीच पिसू द्या.