अनुभव धागा : आवडत्या फोटोग्राफरकडून काय उचललंत?

गोव्याचे फोटो म्हटले की फोंतान्याशची पिवळी भिंत, निळी खिडकी आणि कुठल्यातरी किनाऱ्यावरचा सूर्यास्त. हे सगळं मीही काढलंय, पुढेही काढीन. पण एखाद्या फोटोग्राफरचं काम पाहून इथल्याच रोजच्या जागा वेगळ्या दिसायला लागल्या, असं तुमचं झालंय का? नुसतं नाव सांगून पळू नका. काय उचललं, कुठे वापरलं, कुठे अडलं, ते लिहा. नमनाला माझंच थोडं तेल.

माझे रघुबीर सिंग. 'गंभीर' फोटो म्हणजे कृष्णधवल, असं मानायच्या काळात हा माणूस रंगांवर अडून राहिला. अॅम्बॅसिडर मोटारीची त्यांची मालिका मी कितीदा तरी पाहिली असेल. दार, काच, आरसा यांनी चौकट कापलेली, एकाच फोटोत तीन-चार फोटो. माझ्याकडे अॅम्बॅसिडर नाही, पण रायबंदर-चोडण फेरीबोट आहे! सकाळच्या फेरीत स्कुटरी हँडलला हँडल लावून उभ्या असतात. वाकून आरशांच्या उंचीवर कॅमेरा धरला की एका आरशात हेल्मेटखालची झोपाळू हनुवटी, दुसऱ्यात मासळीची पाटी आणि मधल्या फटीतून मांडवी. आरशाची कड आणि आतला माणूस एकाच वेळी स्पष्ट येत नाहीत, म्हणून अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, लहान, एफ ११ च्या आसपास ठेवते आणि कमी पडलेल्या उजेडासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, बिनधास्त वाढवते.

मळ्यातला : माझे फॅन हो, हाँगकाँगचे फोटोग्राफर. गल्ल्या, जिने आणि उन्हाचे तिरके पट्टे. पणजीत, आमच्या मळा या भागात, जिने आणि भिंती आहेतच, मग काय, उन्हाळ्याच्या सुट्टीत निघालो. हाती काही लागेना. पणजी साडेपंधरा अक्षांशावर. मेच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गोळा होते. पट्टा पडणार कुठून? डिसेंबर-जानेवारीत मात्र दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, गल्ल्या अर्ध्या काळ्या, अर्ध्या लख्ख. आता तेवढे दोन महिने मी त्यांचा चेला. आणि एक गंमत : त्यांच्या १९५४ च्या 'अप्रोचिंग शॅडो'तली ती प्रसिद्ध तिरकी सावली भिंतीवर पडलेलीच नव्हती, डार्करूममध्ये आणलेली होती. हे कळल्यावर फोटोशॉपवाल्यांशी भांडणं बंद केली.

पावसाळी : सॉल लाइटर. वाफ धरलेली काच, छत्री, मागे पुसट लाल रंग. पावसात गोव्यात फोटोला काही नसतं म्हणणाऱ्यांनी जुलैत बसच्या खिडकीपाशी बसून पाहावं. फोकस काचेवरच्या थेंबांवर, बाहेरच्यांना धूसर होऊ द्या. एवढंच.

डिचोलीची : प्रबुद्ध दासगुप्तांचं 'एज ऑफ फेथ' (२००९) हे फोटोंचं पुस्तक एका मैत्रिणीकडे पाहिलं. गोव्यातला कॅथलिक समाज, सगळं कृष्णधवल. मनात आलं, आपल्या हिंदू घरांचं असं कोणी का करत नाही? मग मीच चवथीला घरात सुरू केलं. आजी, चौक, जुनी खुर्ची जमून गेलं. घोडं अडलं ते माटोळीपाशी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या सजावटीपाशी. डोळ्यांना माटोळी म्हणजे नुसती रंगांची उधळण. हिरव्या पानांत लालभडक कवंडळं, सुपारीचे घोस, नारळ. रंग काढला तर सगळा एकच राखाडी लगदा, कारण लाल आणि हिरवा कृष्णधवलात जवळपास एकाच छटेवर येऊन बसतात. फिल्मवाले लेन्सवर लाल फिल्टर चढवायचे ते याचसाठी : लाल उजळतो, हिरवा दबतो. मी रंगीत फाइल ठेवून नंतर लालचा स्लायडर वर, हिरव्याचा खाली घेतला. कवंडळं दिव्यांसारखी उठली. बाबा अजून म्हणतात, "माटोळी कोणी काळी-पांढरी काढतं का गो?" त्यांना रंगीत प्रिंट वेगळी दिली.

डिचोलीचीच : @मळ्यातला, सावली डार्करूमची असली तरी ती कुठे हवी हे त्यांना दिसलं ना? भांडण सुरूच ठेवा!

म्हापशाचा स्टुडिओवाला : तुम्ही सगळे हौशी, तुमचं बरंय. माझ्याकडे लोक मोबाइलवर दुसऱ्याच्या लग्नाचे फोटो घेऊन येतात आणि "अगदी असेच" म्हणतात. मी नेमका क्षण टिपणाऱ्या कार्तिए-ब्रेसाँचा भक्त, त्यांच्यासारखाच पन्नास एमएम लेन्सवाला. धंद्यात ती भक्ती एकाच ठिकाणी चालते : अंतरपाट. शेवटचं मंगलाष्टक कधी संपणार हे भटजींच्या आवाजावरून कळतं. फोकस आधीच लावून ठेवायचा, कारण अंतरपाट बाजूला होताना दोघं एकमेकांकडे पाहतात ते क्षणभरच, लगेच अक्षता आणि मामांचे हात मध्ये येतात. माझा हाताखालचा पोरगा तिथे सेकंदाला वीस फोटो उडवतो. अनेकदा त्याच्या विसांतही ती नजर नसते, कारण तो सुरूच उशिरा करतो. कान कॅमेऱ्याकडे, भटजींकडे नाहीत. गिऱ्हाइकाला तरीही रील आधी हवी असते. तीही देतो.