1 एप्रिलला सगळे दर बदलूनही पगारपत्रकात फरक का येतो?

हिशेबनीस_भोसरी
फॅब्रिकेशन युनिट, 34 कामगार, पगारपत्रक एक्सेलमध्ये. दर एप्रिलला नवी फाइल काढून सगळे दर तपासतो, तरी वर्षभरात ईएसआय (कामगार राज्य विमा) नाहीतर पीटीत (व्यवसाय करात) दोन-चारशेचा फरक निघतोच. एप्रिलमध्ये नेमकं काय काय बदलायचं, याची यादी मिळेल का? आणि नव्या लेबर कोडमुळे (एकत्र केलेल्या कामगार कायद्यांमुळे) सगळ्यांचं बेसिक, म्हणजे मूळ वेतन, वाढवावं लागेल का?

पंधरा_तारीख
एप्रिलची यादी मागताय, गडबड तिथेच आहे. आर्थिक वर्षाशी खरा बांधलेला आहे तो आयकर. बाकी प्रत्येक कायद्याचं कॅलेंडर वेगळं.

महाराष्ट्रात किमान वेतनाचा विशेष भत्ता (महागाईनुसार बदलणारा भाग) 1 जानेवारी आणि 1 जुलैला बदलतो. आदेश बऱ्याचदा उशिरा हाती येतो, मग मागच्या महिन्यांचा फरक द्यावा लागतो आणि त्यावर पीएफही. कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरच्या पगारातून. 2024 च्या दुरुस्तीपासून कामगाराचे 25 आणि मालकाचे 75 रुपये. जुन्या फाइलींत अजून 12 आणि 36 सापडतात. भरणा 15 जुलै आणि 15 जानेवारीपर्यंत.

पगार 10,000 वर गेला की पीटी 200, फेब्रुवारीत 300. महिलांना एप्रिल 2023 पासून 25,000 पर्यंत माफी आहे. एखाद्या महिन्यात पगाराने 25,000 ओलांडले तर त्या महिन्याची पीटी कापायची. ‘ही माफीतली’ असा कायमचा शिक्का मारून ठेवला की फरक तिथे येतो.

तुमचा ईएसआयचा फरक मात्र बहुतेक इन्क्रिमेंटमधून येत असणार. अंशदानाचे कालखंड दोन: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पगाराची मर्यादा 21,000. कामगार जूनमध्ये 22,500 वर गेला तरी सप्टेंबरअखेर कपात चालू ठेवायची, आणि तीही पूर्ण 22,500 वर. 21,000 वर थांबायचं नाही. म्हणजे 0.75 टक्क्याने 168.75, भरायचे 169. ईएसआयमध्ये पैसे नेहमी वरच्या रुपयात जातात, पीएफमध्ये जवळच्या. दोन्हीकडे एकच राउंडचा फॉर्म्युला लावला की दर महिन्याला रुपया-दोन रुपये चुकतात.

आणखी एक: नोव्हेंबर 2025 मध्ये लेबर कोड लागू होईपर्यंत ओव्हरटाइमवर ईएसआय कापायचा होता, पण 21,000 ची मर्यादा तपासताना ओव्हरटाइम धरायचा नव्हता. हे उलटं केलेली पत्रकं भरपूर दिसतात.

लूकअप_वाला
दरवर्षी नवी फाइल कशाला? एकच फाइल ठेवा, त्यात ‘दर’ नावाचं वेगळं शीट. रकाने चार: कायदा, लागू तारीख, दर, मर्यादा. फॉर्म्युल्यात 0.0075 असा आकडा कधीच टाइप करायचा नाही. पगाराचा महिना बघून दर त्या शीटवरून उचलायचा. जुनी ओळ पुसायची नाही, खाली नवी जोडायची. जुलै 2019 ला ईएसआय 1.75 वरून 0.75 वर आला, तेव्हा ज्यांनी जुन्या आकड्यावर नवा लिहिला त्यांना जूनचं पत्रक पुन्हा तपासताना हिशेब जुळेना.

आयकराचं एवढंच: कामगाराने पर्याय कळवला नाही तर नवी करप्रणाली धरायची. 2025-26 मध्ये तिथे 75,000 ची प्रमाणित वजावट आणि सवलत धरून 12.75 लाखांपर्यंतच्या पगारावर कर नाही, त्यामुळे तुमच्याकडे सुपरवायझर सोडले तर टीडीएस फारसा निघणार नाही. मार्चचा टीडीएस 30 एप्रिलपर्यंत, बाकी महिन्यांचा पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत.

हिशेबनीस_भोसरी
राउंडचा फॉर्म्युला दोन्हीकडे एकच होता, सापडलं. बेसिकचं काय?

पंधरा_तारीख
बेसिक वाढवाच असं कोड म्हणत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून ‘वेतना’ची व्याख्या बदलली आहे: घरभाडे, प्रवास वगैरे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात धरायचा. एकूण 28,000, बेसिक आणि महागाई भत्ता 13,000, घरभाडे आणि प्रवास 15,000 असेल, तर 14,000 च्या वरचे 1,000 वेतनात येतात. पीएफ 1,560 चा 1,680 होतो. ज्यांचा पीएफ आधीच 15,000 वर कापला जातो, त्यांना काही फरक नाही.

ग्रॅच्युइटीला ती 15,000 ची मर्यादा नाही. वेतन भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं: दहा वर्षांना 13,000 वर 75,000, आणि 14,000 वर 80,769. तरतूद आतापासून वाढवा.

लूकअप_वाला
भर घालतो. तुमच्या पत्रकात ‘स्पेशल अलाउन्स’ असा रकाना असेल, तर तो वगळलेल्या भत्त्यांच्या यादीत नाहीच. तो आधी थेट वेतनात घ्या, मगच निम्म्याचा हिशेब करा. आणि काम सोडणाऱ्याचा पगार आता दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे, महिनाअखेरच्या पत्रकाची वाट बघत बसू नका.