थोडक्यात हुकल्यावरच हात जास्त का शिवशिवतो? (मदत हवी आहे)

मंडळी, आयडी मुद्दाम नवीन काढलाय, समजून घ्या.

मोबाइलवरचा बेटिंगचा खेळ आहे. आकडा १ पासून चढत जातो आणि मध्येच कुठेतरी फुटतो. फुटायच्या आत बटण दाबून पैसे काढायचे; ज्या आकड्याला काढाल तितक्या पट मिळतात, आधी फुटलं तर लावलेले गेले. बस, एवढंच. वर्षभर खेळतोय. आधी गंमत म्हणून, मग गेलेले भरून काढायला. आता बायको झोपली की पांघरुणात, ब्राइटनेस कमी करून.

सरळ हरलो, १.०१ लाच फुटलं, तर चिडून का होईना मी थांबतो. पण परवा १.८ ला पैसे काढले आणि आकडा चाळीसच्या पुढे गेला. जिंकलो होतो हो मी! तरी पोटात खड्डा पडला. पुढच्या फेरीत लोभाने थांबलो, ४ ला काढू म्हटलं, ३.९ ला फुटलं. मग पहाटे साडेचारपर्यंत तेच.

असं का होतं? गणित मला कळतं. 'जबाबदारीने खेळा'वाली रोजची मर्यादा तीनदा लावली, तीनदा वाढवली. मर्यादेत राहून खेळणं कुणाला जमलंय का? उपदेश नको, तो मीच स्वतःला रोज करतो.

प्रतिसाद १
याला 'निअर मिस' म्हणतात. २००९ मध्ये ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी स्लॉट मशीनसारखा खेळ खेळवून लोकांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. थोडक्यात हुकलेला डाव लोकांना साफ हरण्यापेक्षाही वाईट वाटला, पण पुन्हा खेळायची इच्छा वाढली. तीही कोणत्या चिन्हावर डाव लावायचा ते स्वतः निवडलं होतं तेव्हाच! तुमचं बटण तेच काम करतं. अशा खेळांत फुटायचा आकडा सहसा आधीच ठरलेला असतो. पण 'जरा आधी दाबलं असतं तर' हे मनातून जात नाही.

आणि गणिताबद्दल: ३७ घरांच्या रूलेटमध्ये (कॅसिनोतला फिरत्या चाकाचा जुगार) १०० लावले की सरासरी २.७ जातात. किरकोळ वाटतं ना? शंभर-शंभर करत २० वेळा लावा, ५४ गेले. तिथे चाक थांबेपर्यंत वेळ तरी जातो. तुमची फेरी काही सेकंदांत संपते.

प्रतिसाद २
मी यातून गेलोय, म्हणून स्पष्ट लिहितो. वाढवता येते ती मर्यादा नव्हेच. गेलेले भरून काढायला खेळायला लागलात, लपवायला लागलात, तिथे मर्यादेचा विषय संपला. मर्यादा त्याआधीच्या लोकांसाठी ठीक आहे.

मला तीन गोष्टी उपयोगी पडल्या: खातं स्वतःहून बंद करून घेणं, पैशाचे व्यवहार घरच्यांच्या हाती देणं आणि मानसोपचारतज्ज्ञ. डॉक्टरकडे जायची लाज वाटत असेल तर एवढंच सांगतो, २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या मानसिक विकारांच्या अमेरिकन यादीत, जुगाराचा विकार दारू आणि ड्रग्जच्या व्यसनांच्या गटात घेतलाय. 'मनाचा निश्चय कर' म्हणून कुणी तुम्हाला परत पाठवणार नाही.

घरी सांगितलंय का?

धागाकर्ता
नाही.

खातं बंद करायची सोय सापडली, सेटिंगमध्ये अगदी तळाशी दडवलेली. सहा महिने किंवा कायमचं, असे दोन पर्याय होते. सहा महिने दाबलंय. हसू नका.