एसक्यूएलमधली मजकूर-तारखांची फंक्शन्स: घोटून घ्यावीत की लागतील तेव्हा बघावीत?

विदागार: एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, शिकणाऱ्या नवशिक्यांना सर्रास सांगितलं जातं की जॉइन (टेबलं जोडणं) आणि ग्रुप बाय (ओळींचे गट पाडणं) पक्कं करा, मजकूर-तारखांची फंक्शन्स लागतील तेव्हा शोधा. मला हे अजिबात पटत नाही. जॉइन चुकला तर ओळी दुप्पट होतात, डोळ्यांना दिसतं. तारीख चुकली की उत्तर येतं आणि ते बरोबरच वाटतं. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये डेटडिफ या तारखांतला फरक काढणाऱ्या फंक्शनला ३१ डिसेंबर २०२३ ते १ जानेवारी २०२४ हा फरक वर्षांत विचारा. उत्तर १! ते पूर्ण झालेली वर्षं मोजत नाही, किती वेळा वर्ष बदललं ते मोजतं. यावर कुणी वय काढलं तर? सराव हवाच.

कोरी_क्वेरी: असहमत. प्रत्येक डेटाबेसची तऱ्हा निराळी. मायएसक्यूएलच्या कॉन्कॅटमध्ये, म्हणजे मजकूर जोडणाऱ्या फंक्शनमध्ये, एक जरी नल (किंमतच नसलेला रकाना) आला तरी सगळंच नल होतं, पोस्टग्रेसचं कॉन्कॅट नल वगळून बाकीचं जोडतं. एकीकडे घोटलेलं दुसरीकडे अंगाशी येतं. मॅन्युअल उघडं ठेवा, झालं.

विदागार: पण शंकाच आली नाही तर मॅन्युअल उघडणार कोण?

तळटीप: दोघांचंही अर्धंच पटलं. सराव हवा, पण स्वच्छ डेटावर केलेला काहीच शिकवत नाही. मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) मजकूर म्हणून 'मराठी' हा शब्द घ्या. लेंग्थ म्हणतं १५, कारण ते बाइट मोजतं. कॅर-लेंग्थ म्हणतं ५, कारण काना आणि वेलांटी वेगळ्या धरल्या जातात. आपण वाचतो तीन अक्षरं. आता लेफ्टने सुरुवातीची चार घ्या: 'मराठ'. वेलांटी गेली, एररही नाही. नावांच्या रकान्यात हे झालं तर लोकांची नावं बिघडतात हो!

तारखेचंही तसंच. ३१ जानेवारी २०२४ मध्ये एक महिना मिळवला की २९ फेब्रुवारी. त्यात आणखी एक मिळवा: मायएसक्यूएल २९ मार्च देतं, ओरॅकलचं ॲड-मंथ्स ३१ मार्च. हप्त्याची तारीख काढणाऱ्याने दोन्ही स्वतः चालवून बघावं.

कोरी_क्वेरी: उदाहरणं चोख आहेत, पण माझी खरी तक्रार राहिलीच. फंक्शन्स घोटलेली माणसं ती व्हेअरमध्येही, म्हणजे ओळी निवडायच्या अटीतही, लावतात. इयर(तारीख) = २०२४ असं लिहिलं की त्या रकान्यावरचा साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) सहसा वाया जातो आणि मोठ्या टेबलावर क्वेरी रखडते. १ जानेवारी २०२४ पासून पुढे आणि १ जानेवारी २०२५ च्या आधी, अशी सरळ अट लिहायला शिकवा. बिटवीनही (या तारखेपासून त्या तारखेपर्यंत अशी अट) नको. शेवटची तारीख ३१ मार्च दिली आणि रकान्यात वेळ असेल तर त्या दिवशीच्या मध्यरात्रीनंतरच्या नोंदी गळतात.

विदागार: हे शंभर टक्के मान्य. मग हेही सरावातच घ्या ना: तोच प्रश्न इयर लावून आणि न लावता, दोन्हींचं एक्सप्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारा आराखडा) शेजारी ठेवून.

कोरी_क्वेरी: ते चालेल. फंक्शनांची यादी पाठ करायला मात्र माझा विरोध कायम.